घरी बनवलेली मासेमारीची आमिषे साठवणीत खराब का होतात : कारणांचा शोध आणि उपाय

गळाच्या मासेमारीसाठी घरी कृत्रिम आमिषे, म्हणजे लुअर, बनवणाऱ्यांची संख्या वाढली तशी एक तक्रारही वारंवार ऐकू येऊ लागली आहे. काही महिन्यांनी पेटी उघडावी, तर मऊ आमिषे तळाला चिकटलेली असतात, रंगवलेल्या लाकडी आमिषांवर शेजाऱ्याचा ठसा उमटलेला असतो, गळ गंजलेले असतात, शेपट्या वाकड्या झालेल्या असतात आणि पिसांच्या जागी नुसत्या काड्या उरलेल्या असतात. यातल्या प्रत्येक तक्रारीवर लोक वेगळा उपाय करतात. कोणी नवी पेटी घेतो, कोणी वॉर्निश बदलतो, कोणी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, आणि पुढच्या हंगामात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. माझ्या मते याचे मूळ वर्गवारीत आहे. आपण आमिषे माशाच्या जातीनुसार, आकारानुसार किंवा रंगानुसार लावतो, कारण वापरताना तसे सोयीचे पडते. साठवणीत मात्र कोणता पदार्थ कोणत्या पदार्थाला टेकला आहे एवढाच प्रश्न महत्त्वाचा असतो. वर्गवारी पदार्थानुसार केली की निम्म्याहून अधिक तक्रारी आपोआप मिटतात, आणि उरलेल्यांची कारणेही लवकर सापडतात.

खराब झालेली पेटी हाती आली की लगेच धुवायला घेऊ नये, कारण नुकसान नेमके कोठे झाले आहे हाच सर्वांत मोठा पुरावा असतो. जेथे दोन वस्तू एकमेकींना टेकल्या होत्या तेवढ्याच जागी चिकटपणा असेल, तर तो दोन पदार्थांमधल्या देवाणघेवाणीचा परिणाम समजावा. संपूर्ण पृष्ठभाग सारखाच चिकट असेल, तर लेप पुरता कडक झाला नव्हता किंवा पेटी फार तापली होती. डाग गळाच्या आणि कड्यांच्या आसपासच असतील, तर ओलावा. रंग एकाच बाजूने उडाला असेल आणि ती बाजू खिडकीकडे असेल, तर उजेड. तळच्या थरातलीच आमिषे चपटी झाली असतील, तर वरचे वजन. हे सगळे साधे वाटते, पण पेटी एकदा रिकामी केली की यातले काहीच कळत नाही. म्हणून उघडल्याबरोबर एक छायाचित्र काढून ठेवावे.

मऊ प्लास्टिक : सर्वाधिक तक्रारींचे घर

साच्यात ओतून बनवलेली बहुतेक मऊ आमिषे प्लास्टिसॉलची असतात. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी एका तेलकट द्रवात, म्हणजे प्लास्टिसायझरमध्ये, मिसळून केलेले दाट मिश्रण. ते साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की भुकटी द्रव शोषून घेते आणि थंड झाल्यावर लवचिक घन तयार होतो. येथे लक्षात घेण्याची बाब अशी, की हा द्रव पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडला जात नाही; तो नुसता आत मुरलेला असतो, आणि मऊ आमिषात त्याचे प्रमाण अर्ध्याहून अधिक असते. त्यामुळे त्याला सामावून घेणारा दुसरा पदार्थ शेजारी आला की तो हळूहळू तिकडे जातो. पॉलिस्टायरीन, अ‍ॅक्रिलिक, एबीएस ही कडक प्लास्टिके, त्याचप्रमाणे कठीण आमिषांवरचे बहुतेक रंग आणि वॉर्निश त्याला सामावून घेतात, मऊ पडतात आणि विरघळल्यासारखे दिसू लागतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा किडा बनवला आणि अशी आमिषे लोकप्रिय झाली. पाठोपाठ त्या काळच्या प्लास्टिकच्या टॅकल पेट्यांच्या, म्हणजे मासेमारीचे साहित्य ठेवण्याच्या पेट्यांच्या, तळाशी किड्याच्या आकाराचे खड्डे पडू लागले. पेट्या बनवणाऱ्यांनी पुढे प्लास्टिकच बदलले ते यामुळेच. समस्या इतकी जुनी असूनही ती अजून घडते, कारण काचेसारख्या स्वच्छ, कडक आणि स्वस्त पेट्या आजही बऱ्याचदा पॉलिस्टायरीनच्याच असतात, आणि आतला माल बाहेरून दिसतो म्हणून त्याच आपल्याला आवडतात.

पेटीच्या तळाशी त्रिकोणातला क्रमांक पाहावा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिइथिलीन. हे तिन्ही चालतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ते मऊ आमिषांसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावे. ७ हा क्रमांक ‘इतर’ प्लास्टिकांसाठी असल्याने त्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. क्रमांकच नसेल, तर पेटीतला एखादा सुटा पडदा किंवा कडेची छोटी चकती कापून पाण्यात टाकावी. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगतात, पॉलिस्टायरीन बुडते. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालावा आणि तुकडा बोटाने एकदा खाली दाबावा, नाहीतर पाण्याच्या पृष्ठताणामुळे बुडणारा तुकडाही वर राहतो आणि चाचणी फसते. एवढ्यानेही खात्री पटत नसेल, तर झाकणाच्या आतल्या बाजूवर एक आमिष ठेवून त्यावर छोटे वजन द्यावे आणि दोन आठवडे उबदार जागी ठेवावे. उचलल्यावर पुसून न जाणारी चकचकीत खूण दिसली किंवा तेथे नख रुतले, तर ती पेटी या कामाची नाही.

दुसरी बाब मिश्रणाची. काही मऊ आमिषे पीव्हीसीची नसून थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरची असतात. ती अधिक ताणली जातात, सहसा तुटत नाहीत आणि पाण्यावर तरंगतात. त्यांच्यातला मऊपणा वेगळ्या प्रकारच्या तेलातून आलेला असतो. ही आणि पीव्हीसीची आमिषे एका पिशवीत ठेवली, की काही दिवसांत दोन्हींचा मिळून एक चिकट गोळा होतो, आणि तो पुन्हा सुटा करता येत नाही. यावर उपाय नाही, फक्त प्रतिबंध आहे. ज्या पेटीत आधी एक प्रकार होता तीत दुसरा ठेवण्यापूर्वी ती कोमट साबणपाण्याने धुऊन तेलाचा थर काढून टाकावा.

रंग एकमेकांत उतरण्याचे कारणही हेच आहे. प्लास्टिसायझरबरोबर त्यात विरघळलेले रंगद्रव्य प्रवास करते, म्हणून काळ्या किंवा गडद जांभळ्या आमिषाशेजारचे पांढरे आमिष मळकट होते. विरघळणारे रंग जास्त सरकतात, न विरघळणाऱ्या कणांचे रंग कमी. म्हणून एका पिशवीत एकच रंग ठेवावा. वेगवेगळ्या रंगांची मांडणी केलेली पेटी दिसते छान, पण ती घराबाहेर एका दिवसासाठी, साठवणीसाठी नव्हे. दोन रंगांत ओतलेल्या आमिषांत हे सरकणे आतल्या आत चालू असते आणि साठवण कितीही चांगली असली तरी थांबत नाही, त्यामुळे ज्या कडा ठळक हव्यात तेथे बनवतानाच कणांचा रंग वापरावा.

पिशवीतली आमिषे तेलाने निथळू लागली, तर दोष बहुधा साठवणीचा नसून ओतण्याचा असतो. मिश्रण पुरेसे तापले नव्हते किंवा मऊपणासाठी द्रव वाजवीपेक्षा जास्त घातला होता, या दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. एकाच घाण्यातली अशी आमिषे गोळा करून पुन्हा वितळवता येतात, मात्र तापमापक हाताशी असल्याशिवाय हे करू नये. पीव्हीसी फार तापले की पिवळे, मग तपकिरी होते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, घातक वायू बाहेर पडतो. हे काम नेहमी मोकळ्या हवेत करावे. थोडासा तेलकटपणा असेल तर त्याची चिंता करण्याचे कारण नाही. आमिषे एकमेकांना चिकटू नयेत यासाठी अनेक जण मुद्दाम थोडे तेल घालतात.

शेपटी वाकडी होणे ही त्या मानाने किरकोळ तक्रार आहे, कारण ती दुरुस्त होते. नुकत्याच उकळी उतरलेल्या पाण्यात आमिष दहा ते तीस सेकंद धरावे. जाड आमिषाला याहून थोडा जास्त वेळ लागतो. ते सैल पडले की सपाट पृष्ठभागावर सरळ ठेवावे, मग थंड पाण्यात सोडावे आणि पिशवीत भरण्यापूर्वी पूर्ण कोरडे करावे. मोठ्या संख्येसाठी मात्र ही दुरुस्ती कोणालाच परवडत नाही, म्हणून सपाट तबकांत एकेरी थर, त्यावर पॉलिइथिलीनचा कागद, त्यावर पुढचा थर, अशी रचना करावी आणि थर फार वाढवू नयेत. वळणदार शेपटीची आमिषे तबकात न ठेवता पिशवीच्या वरच्या भोकातून दांडीवर टांगणे अधिक चांगले. मीठ घातलेल्या आमिषांत गळ ओवून ठेवू नयेत, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि गळ आतल्या आत गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि मासा लागल्यावर गळ तुटतो.

पिशवीवर मार्कर पेनाने लिहिलेली तारीख काही महिन्यांत पसरते, पुढे बोटाने पुसली जाते, कारण पातळ पिशवीतून झिरपलेले तेल शाईही विरघळवते. त्याऐवजी जाड कागदाच्या पट्टीवर शिसपेन्सिलने लिहावे. ग्रॅफाइट तेलात विरघळत नाही. पट्टी तेलाने पारदर्शक झाली तरी अक्षरे वाचता येतात.

रंगवलेली कठीण आमिषे

लाकडी किंवा कडक प्लास्टिकची आमिषे एकमेकांना चिकटत असतील, कापडाचा पोत किंवा फुगेवाल्या प्लास्टिकची वर्तुळे त्यांच्यावर उमटत असतील, तर सर्वप्रथम लेपाच्या पक्वतेविषयी शंका घ्यावी. दोन भागांचे इपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून केलेला लेप, काही तासांत हाताला कोरडे लागते, पण खोलीच्या तापमानाला पूर्ण कडक होण्यास त्याला साधारण आठवडाभर लागतो, थंडीत त्याहून अधिक. पोटाच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी, नख दाबून पाहावे. खूण राहिली तर आमिष पेटीत जाण्यास तयार नाही. महिना उलटूनही खूण राहत असेल, तर राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण चुकलेले आहे किंवा मिश्रण नीट ढवळले गेलेले नाही. असा लेप कितीही वाट पाहिली तरी कडक होत नाही. तो खरवडून नवा द्यावा लागतो. इपॉक्सीवर नवा थर दिला की जुन्या चिकट थराचे झाकण होईल, हा समज चुकीचा आहे. खालचा मऊ थर तसाच राहतो आणि वरचा तडकतो.

दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणासारखी धुरकट साय येते. ती पाण्याने धुतली जाते, पण न धुता पुढचा थर दिल्यास तो थर साठवणीत पापुद्र्यासारखा सुटतो. अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या राळेची गोष्ट वेगळी आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिचा अगदी वरचा थर चिकट राहतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. मात्र कड्यांच्या मागे आणि जिभेच्या, म्हणजे आमिषाच्या तोंडाशी बसवलेल्या पट्टीच्या, खाचेत, जेथे दिव्याची सावली पडते, तेथे राळ कच्चीच राहू शकते. म्हणून दिव्याखाली आमिष सर्व बाजूंनी फिरवावे.

फोड येणे आणि तडे जाणे हे बाल्सासारख्या हलक्या लाकडाचे दुखणे आहे. लाकडात हवा असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जाते, ती हवा प्रसरण पावते आणि नीट न भरलेल्या छिद्रांतून लेपाला वर उचलते. तडे गेलेल्या आमिषाकडे भिंग घेऊन पाहिले, तर बहुतेक वेळा तडा गळाच्या कड्याच्या स्क्रूपाशी सुरू होतो आणि लाकडाच्या रेषेने पुढे जातो, असे आढळते. त्या भोकातून पाणी आत शिरलेले असते, लाकूड फुगलेले असते आणि न ताणला जाणारा लेप फाटलेला असतो. असे आमिष कोरड्या, हवेशीर जागी काही आठवडे वाळू द्यावे. आत ओल असताना वरून लेप देऊन ती कोंडू नये. नवे आमिष बनवताना स्क्रू बसवण्यापूर्वी भोकात इपॉक्सी भरण्याचे काम एका मिनिटाचे असते, आणि ज्यांनी ते टाळले त्यांच्याच पेट्यांत ही तक्रार जास्त दिसते.

ओरखड्यांबाबत मी जरा आग्रही आहे. संख्या मोठी असेल, तर कठीण आमिषे गळांशिवाय साठवावीत. गळ आणि स्प्लिट रिंगा, म्हणजे गळ अडकवण्याच्या दुवेढी कड्या, मापानुसार वेगळ्या छोट्या डब्यांत ठेवाव्यात आणि बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी लागतील तेवढ्याच आमिषांना बसवाव्यात. यामुळे ओरखडे, गुंता आणि गंजाचे डाग या तीन तक्रारी एकदम संपतात, शिवाय पेटीत जवळपास दुप्पट माल मावतो. गळ काढणे शक्यच नसेल, तर तिहेरी गळांवर प्लास्टिकच्या टोप्या घालाव्यात किंवा आमिषे दोरा बांधण्याच्या कडीने दांडीवर टांगावीत. दोन आमिषांत एवढे अंतर असावे, की एक झोके घेऊ लागले तरी त्याचा गळ शेजाऱ्याला लागू नये. टांगलेली आमिषे उघड्यावर छान दिसतात, पण चमकते नारिंगी, गुलाबी आणि हिरवे फ्लुओरोसंट रंग उजेडात फार लवकर फिके पडतात. टांगायचे असेल तर दार असलेल्या कपाटात टांगावे.

मऊ आणि कठीण आमिषे एका कप्प्यात ठेवू नयेत हे वरच्या विवेचनावरून स्पष्ट आहेच.

धातू

गंजाचा विचार करताना लोक हवेतल्या ओलाव्यावर जोर देतात, पण खरा ओलावा बहुधा आपणच पेटीत भरतो. स्प्लिट रिंगच्या दोन वेढ्यांमधल्या फटीत पाणी अडकून राहते आणि वरून सगळे कोरडे दिसते. खाऱ्या पाण्यात वापरलेली आमिषे गोड्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली रात्रभर पसरून, मगच आत ठेवावीत. ओल्या आमिषांवर सिलिका जेलच्या पुड्या टाकून काम भागत नाही. सिलिका जेल फार दमट हवेत आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी धरू शकते, पण पेटीच्या झाकणाला रबरी कड नसेल तर ते पेटीऐवजी सगळ्या खोलीची हवा सुकवू पाहते आणि लवकरच भरून जाते. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते केव्हा भरले हे कळते. १२० अंशांच्या आसपास काही तास तापवले की ते पुन्हा कामाला येते. निळ्या रंगाच्या जेलमध्ये बहुधा कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्यास घातक असल्याने नारिंगी प्रकारचे घ्यावे. गळांवर तेल फवारण्याचा सल्लाही नेहमी दिला जातो. सुट्या गळांसाठी तो ठीक आहे. आमिषाला लावलेल्या गळांवर तेल मारल्यास ते रबरी झालरींना, म्हणजे आमिषाभोवतीच्या बारीक पट्ट्यांना, आणि काही रंगांना मऊ करते.

शिशाच्या जिगवर, म्हणजे शिशाचे डोके असलेल्या गळावर, पांढरी पूड दिसली, तर ती बुरशी समजून फुंकून किंवा सुक्या ब्रशने झाडून टाकू नये. ते शिशाचे कार्बोनेट असते आणि विषारी असते. त्याचे कारण अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ आहे. ओकसारखे लाकूड ती सतत सोडत राहते, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सीलंट घट्ट होत असताना तीच बाहेर पडते. ओकच्या कपाटांतल्या शिशाच्या वस्तू अशाच झिजतात, हे संग्रहालये सांभाळणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. जिग लाकडी खणात ठेवण्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवावेत आणि उघडे शिसे पावडर पेंट किंवा इपॉक्सीने झाकावे. पूड आलेले जिग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसावेत, फडके टाकून द्यावे आणि हात साबणाने धुवावेत.

आमिषांना लावायची चांदीचा मुलामा दिलेली आणि तांब्याची चमकती पाती काळी पडत असतील, तर ती कशाने बांधली आहेत ते पाहावे. रबरबँडमधले गंधक हे काम करते. सुती दोरा पुरतो.

पिसे, केस आणि झालरी

पिसे आणि केस लावलेल्या आमिषांत बारीक दाणेदार विष्ठा, पोकळ कातडी किंवा मधेच उघडी पडलेली दांडी दिसली, तर ते कसरीच्या किंवा कार्पेट बीटलच्या अळ्यांचे काम असते. पतंग उडताना दिसला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. खाणारी अळीच असते. अशी आमिषे घट्ट बंद पिशवीत घालून उणे २० अंशांना आठवडाभर ठेवावीत, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच साचते. डांबराच्या गोळ्या येथे टाकू नयेत. नॅफ्थलीनची किंवा पॅराडायक्लोरोबेंझीनची वाफ बंद पेटीत पॉलिस्टायरीनला आणि काही रंगांना मऊ करते, म्हणजे किडीपासून पिसे वाचवताना डोके आणि डोळे गमावण्याची वेळ येते. नवी पिसे आणली की तीही आधी याच रीतीने गोठवावीत, मग साठ्यात घ्यावीत.

नैसर्गिक रबराच्या झालरी उष्णतेने चिकटतात आणि कालांतराने भुगा होतात. त्यांना टाल्क पावडर लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवले तर त्या बऱ्याच टिकतात. सिलिकॉनच्या झालरींना वयाचा त्रास कमी, पण मऊ प्लास्टिकचा स्पर्श त्यांनाही मानवत नाही, म्हणून झालर आणि मऊ शेपटी जोडून ठेवू नये.

मोठ्या साठ्यात नवा घाणा थेट जुन्यात मिसळू नये. तो दोन आठवडे उघड्या तबकात वेगळा ठेवावा. निथळणे, चिकटपणा किंवा फोड यांपैकी जे व्हायचे ते बहुतेक या काळात दिसते आणि नुकसान एका घाण्यापुरते मर्यादित राहते. प्रत्येक पट्टीवर तारखेबरोबर राळेचे किंवा प्लास्टिसॉलचे नाव आणि प्रमाण लिहावे, कारण वर्षभराने एकच घाणा बिघडलेला दिसला की कारण त्या नोंदीतच सापडते. विरघळलेली पॉलिस्टायरीनची पेटी पूर्ववत होत नाही, परंतु ती फेकण्याचीही गरज नाही. साबणाने धुऊन कोरडी केली की रंग लावलेली शिशाची वजने ठेवायला ती चालते.